ऑक्टेव्ह-फझ पेडलमधील फेरफार : कामाच्या नोंदी

२ जून

ज्या पेडलवर, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडून पायाने चालू-बंद करायच्या आवाज बदलणाऱ्या यंत्रावर, हे काम चालू केले आहे ते बाजारातून आणलेले नाही. ते स्वर फाडून खरखरीत करते (फझ) आणि वरच्या सप्तकात नेते (ऑक्टेव्ह). फॉक्स टोन मशीन या १९७१ च्या सुमाराच्या पेडलचा ढाचा समोर ठेवून, हाताशी असलेल्या किमतींचे रेझिस्टर आणि कपॅसिटर वापरून ते व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या तयार बोर्डवर) उभे केले होते. गिटारचा संकेत आधी दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडीत वाढतो, तिसरा ट्रान्झिस्टर फेज स्प्लिटर म्हणून त्याच संकेताची सुलटी आणि उलटी अशी दोन रूपे काढतो, दोन डायोड त्या दोन्ही रूपांचे फक्त वरचे अर्धे पुढे सोडतात आणि चौथा ट्रान्झिस्टर त्यांची बेरीज वाढवून बाहेर पाठवतो. लहरीचा खालचा अर्धा भाग असा उलटून वर आला की एका आवर्तनात एकाऐवजी दोन उंचवटे तयार होतात आणि वाजवलेल्या स्वराच्या जागी त्याची टीप, म्हणजे एक सप्तक वरचा तोच स्वर, ऐकू येते. रॉजर मेयर यांनी बनवलेले आणि जिमी हेंड्रिक्सने १९६७ पासून वापरलेले ऑक्टेव्हिया हेही याच तत्त्वावर चालते. त्याच्या काही प्रसिद्ध आवृत्त्यांत दोन रूपे काढण्याचे काम ट्रान्झिस्टरऐवजी छोटा ट्रान्सफॉर्मर करतो.

सध्याची स्थिती समाधानकारक नाही. बाराव्या पडद्याच्या वर एकेक स्वर वाजवला तर टीप पुसट ऐकू येते, त्याखाली नुसता खरखरीत फझ मिळतो, आणि स्वराची आस (छेडल्यानंतर स्वर टिकून राहण्याचा काळ) संपण्याच्या बऱ्याच आधी आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो. जोरात छेडले तर आघातानंतर क्षणभर आवाज नाहीसा होऊन पुन्हा परततो. हा शेवटचा दोष मला सर्वांत विचित्र वाटतो.

५ जून

आधी मल्टिमीटरने सर्व ट्रान्झिस्टरांचे व्होल्टेज मोजून घेतले. पहिली जोडी ठीक आहे. (एमिटर, बेस आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय; संकेत बेसमधून आत येतो.) फेज स्प्लिटरच्या एमिटरवर ३.९ व्होल्ट आणि कलेक्टरवर ५.१ व्होल्ट मिळाले आणि दोषाचा पहिला धागा तिथेच सापडला. बेसला दोन सारख्या रेझिस्टरांनी निम्मे, म्हणजे ४.५ व्होल्ट दिले होते, कारण इतर टप्प्यांत ते शोभते. पण स्प्लिटरमध्ये एमिटर आणि कलेक्टर एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने सरकतात. त्यांच्यामध्ये जेमतेम १.२ व्होल्टचे अंतर असेल, तर प्रत्येकाने अर्धा व्होल्ट पुढे येताच ट्रान्झिस्टर कोंडला जातो आणि लहरीचे एक टोक सपाट होते.

एमिटर आणि कलेक्टर या दोन्हींकडचे रेझिस्टर १० किलोओहमचे असतील, तर ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर एमिटर सव्वादोन व्होल्टच्या आसपास आणि कलेक्टर पावणेसात व्होल्टच्या आसपास बसला पाहिजे. त्यासाठी बेसच्या वरच्या बाजूला २२० किलोओहम आणि खाली १०० किलोओहम लावले. आता एमिटरवर २.२ आणि कलेक्टरवर ६.८ व्होल्ट आहेत. खर्च एका रेझिस्टरचा, आणि खरखर निम्म्याने तरी कमी झाली.

हेच काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. बीसी५४९ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन५०८८ चे नेमके उलट, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात. परदेशी आराखड्यांत बहुतेक वेळा दुसरा प्रकार दाखवलेला असतो आणि आपल्याकडे दुकानात पहिला सहज मिळतो. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, क्षीणपणे चालत राहतो, म्हणून हा दोष शोधायला फार वेळ लागतो.

९ जून

या पेडलविषयी जे जे वाचायला मिळते त्यात जर्मेनियम डायोडची थोरवी असतेच, म्हणून १एन४१४८ हे साधे सिलिकॉन डायोड काढून जर्मेनियमचे बसवायचे ठरवले. कारण खरे आहे. सिलिकॉन डायोड उघडण्यासाठी सुमारे ०.६ व्होल्ट खर्ची पडतात, जर्मेनियमला त्याच्या निम्मे पुरतात. स्वर विरत जाऊन संकेत त्या उंबरठ्याखाली गेला की डायोड बंद राहतो आणि आवाज तुटतो. उंबरठा जितका खाली, तितकी आस लांब.

पुण्यात तापकीर गल्लीत १एन३४ए या नावाने काचेचे डायोड स्वस्तात मिळाले. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या दुकानदाराकडे रेडिओच्या डिटेक्टरसाठी वापरले जाणारे ओए७९ सापडले, ते चाळीस रुपयांना एक या दराने. घरी येऊन दोन्ही तपासले. मल्टिमीटरच्या डायोड तपासणीत दोन्हींचा आकडा कमीच येतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. खरी परीक्षा अशी : ९ व्होल्टच्या बॅटरीतून १ किलोओहम रेझिस्टरमार्गे डायोडमधून प्रवाह सोडावा आणि डायोडवरचे व्होल्टेज मोजावे. टोकदार तारेचा अस्सल जर्मेनियम डायोड आतल्या रोधामुळे इतक्या प्रवाहाला १ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. स्वस्तातले ‘१एन३४ए’ अर्ध्या व्होल्टच्याही खाली थांबले, म्हणजे ते शॉट्की या, कमी व्होल्टेजला उघडणाऱ्या वेगळ्या जातीचे डायोड होते आणि त्यांच्यावर जर्मेनियमचे नाव छापले होते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडेही माल तसाच येतो.

ओए७९ मधून जवळजवळ सारखे आकडे देणारी जोडी निवडून बसवली. आस थोडी लांबली. टीप मात्र होती तितकीच पुसट राहिली. दिवसभराची पायपीट, प्रवासखर्च आणि डायोडचे पैसे यांच्या मानाने फळ फारच थोडे होते.

१५ जून

आज डीएसओ१३८ हा विद्युत लहर स्क्रीनवर दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप जोडून बसलो. खरे तर सुरुवातच इथून करायला हवी होती. ज्यांच्याकडे स्कोप नाही त्यांनी ओळखीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला सीआरओ (मोठा ऑसिलोस्कोप) तासभर मागून घ्यावा, पण कानावर विसंबून डायोड बदलत बसू नये.

मोबाइलमधून २२० हर्ट्झचा शुद्ध स्वर पेडलमध्ये सोडला आणि डायोडच्या पुढे लहर पाहिली. दोन उंचवटे दिसत होते, पण एक मोठा आणि एक लहान. दोन्ही सारखे असतील तर मूळ स्वर पूर्ण नाहीसा होऊन दुपटीचा स्वर उरतो. असमान असतील तर त्यांच्या फरकाइतका मूळ स्वर झिरपत राहतो. लहान उंचवटा मोठ्याच्या सुमारे ८० टक्के होता. गणित केले तर एवढ्या फरकाने झिरपलेला मूळ स्वर टिपेच्या पावपट भरतो, आणि पुढचा फझ त्याला आणखी वर उचलतो.

ही विषमता डायोडमुळे नव्हती, हे डायोड अदलाबदल करून पाहिले तेव्हा कळले, कारण लहान उंचवटा जागेवरच राहिला. तो कलेक्टरच्या बाजूचा होता. स्प्लिटरची दोन टोके दिसायला सारखी असली तरी ताकदीने सारखी नसतात. एमिटरचे टोक भार सहज पेलते, कलेक्टरचे टोक १० किलोओहमच्या मागून बोलते. दोन्ही टोकांवर एकाच वेळी सारखा भार असेल तर ती बरोबरीत राहतात, पण इथे डायोड आळीपाळीने उघडतात, त्यामुळे प्रत्येक टोकाला पुढच्या टप्प्याचा ४७ किलोओहमचा भार एकट्याने ओढावा लागतो. एमिटर तो ओढतो आणि कलेक्टर वाकतो.

एमिटरच्या वाटेवर १० किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घालून दोन्ही उंचवटे स्क्रीनवर सारखे करता आले. प्रीसेट दहा रुपयांचा आहे. त्याने टिपेत जो फरक पडला तो लॅमिंग्टन रोडच्या डायोडने पडला नव्हता.

आघातानंतर आवाज नाहीसा होण्याचे कारणही स्क्रीनवर सापडले. स्प्लिटरपासून डायोडपर्यंत १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत आणि डायोडच्या मागे १०० किलोओहमचे रेझिस्टर जमिनीला (मंडलाच्या शून्य व्होल्टच्या तारेला) जोडलेले आहेत. डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्यागणिक कपॅसिटरमध्ये थोडा विद्युतभार साठतो आणि त्याला परत जायला १०० किलोओहमची अरुंद वाट उरते. जोरदार स्वर चालू असताना डायोडची मागची बाजू लहरीच्या शिखराच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी खाली ढकलली जात होती. आघात ओसरून संकेत लहान होतो तेव्हा तो या खड्ड्यातून वर येऊ शकत नाही. कपॅसिटर रिकामा होईपर्यंत शांतता, आणि मग आवाज परत. १ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम यांचा गुणाकार ०.१ सेकंद येतो, आणि कानाला जाणवणारे अंतरही साधारण तेवढेच होते.

म्हणजे दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. पुढचा टप्पा डायोडमधून फार प्रवाह ओढतो आहे.

१८ जून

पुढच्या टप्प्याचा रोध ४७ वरून ४७० किलोओहमवर न्यायचा असेल तर बीसी५४९ चा चौथा टप्पा कामाचा नाही, तिथे फेट, म्हणजे आत येणाऱ्या संकेतातून जवळजवळ प्रवाह न ओढणारा ट्रान्झिस्टर, हवा. घरात बीएफडब्ल्यू१० होते. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत फेट म्हटले की हाच चार पायांचा धातूच्या टोपीचा नग पुढे येतो. सोर्स या त्याच्या पायाला १० किलोओहम लावून फॉलोअर (संकेत न वाढवता पुढे देणारा टप्पा) बनवला, पण या जातीच्या फेटला बंद व्हायला बरेच व्होल्ट लागतात. सोर्स आपोआप साडेचार व्होल्टच्या वर जाऊन बसला, आणि ९ व्होल्टच्या पुरवठ्यात वरच्या बाजूला जागाच उरली नाही. उंचवट्यांची शिखरे सपाट झाली. वेगवेगळे नग बदलून पाहिले, थोडाफार फरक पडला, पण प्रकृती तीच. १८ व्होल्टवर हा फेट उत्तम चालेल, पण पेडल एका बॅटरीवर चालले पाहिजे अशी माझी अट आहे.

शेवटी चौथा ट्रान्झिस्टर काढून टाकून टीएल०७२ (दोन ऑप-अँप वर्धक असलेली चिप) बसवला. त्यासाठी दोन १० किलोओहम रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरून ४.५ व्होल्टची संदर्भरेषा तयार केली आणि डायोडच्या मागचे रेझिस्टर व पुढचा ४७० किलोओहम असे सर्व जमिनीऐवजी या रेषेला जोडले. ही जोडणी विसरली तर डायोड कायमचे बंद किंवा कायमचे उघडे राहतात. टीएल०७२ चा पहिला भाग सुमारे अकरापट वाढ देतो. त्याच्या फीडबॅकच्या (बाहेरचा संकेत आत परत नेणाऱ्या वाटेच्या) खालच्या फांदीत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आवश्यक आहे, कारण रेक्टिफायरमधून, म्हणजे त्या दोन डायोडांमधून, येणाऱ्या लहरीची सरासरी शून्य नसते आणि ती सरासरीही अकरापट झाली तर बाहेरचे टोक एका कडेला चिकटून बसते.

डायोडच्या मागचे १०० किलोओहम बदलून आधी २२ लावले. खड्डा जवळजवळ नाहीसा झाला, पण स्प्लिटरवर आता कायमचा भार पडला आणि तो लवकर कापू लागला, कारण त्याच्यातून वाहणारा स्थिर प्रवाह फक्त ०.२२ मिलिअँपिअर आहे. ४७ किलोओहमवर तडजोड झाली. खड्डा शिखराच्या तीन टक्क्यांवर आला आणि स्प्लिटरही सुखात आहे. हा भार दोन्ही टोकांवर सतत आणि सारखाच असल्याने बरोबरी बिघडत नाही. प्रीसेट आता जवळजवळ शून्यावर आणून ठेवला तरी उंचवटे समान राहतात. तो बोर्डवर राहू दिला आहे, पण नव्याने बांधणाऱ्याने तो वगळला तरी चालेल.

१९ जून

कालच्या बदलाचा एक परिणाम अपेक्षित नव्हता. ओए७९ ची जोडी बसवलेली असताना मोठा स्वर स्वच्छ येतो, पण छोट्या स्वरात मूळ स्वर पुन्हा डोकावतो. जर्मेनियम डायोड बंद असतानाही थोडा गळतो. पुढचा रोध ४७ किलोओहम असताना ती गळती दिसत नव्हती, ४७० किलोओहमसमोर ती दिसू लागली. उलट, प्रवाह काही मायक्रोअँपिअरवर आल्याने सिलिकॉन डायोडचा उंबरठाही ०.६ वरून ०.३५ व्होल्टच्या आसपास उतरला. मग तापकीर गल्लीतले ते तोतये शॉट्की बसवून पाहिले. उंबरठा जर्मेनियमइतकाच खाली, गळती नगण्य, आस सर्वांत लांब. पुढे नाव सांगून बीएटी४६ हे शॉट्की डायोड आणले आणि तेच कायम केले. ओए७९ डबीत परत गेले आहेत, पुढे कधी क्रिस्टल रेडिओ केला तर उपयोगी पडतील.

जर्मेनियमची थोरवी ज्या जुन्या मंडलांतून आली त्यांत पुढचा टप्पा जड होता, तिथे ती खरीच होती. पुढचा टप्पा हलका केला की तिचे कारणच उरत नाही, इतकाच माझा निष्कर्ष आहे.

२३ जून

आजचा बदल सर्वांत मोठा ठरला आणि त्यात नवे भाग जवळजवळ लागलेच नाहीत.

फझचा पॉट (बाहेरून फिरवायचे बटण) पहिल्या दोन ट्रान्झिस्टरांवर होता, म्हणजे स्वर आधी फाटत होता आणि मग त्याची टीप काढली जात होती. स्कोपवर पाहिले तर पॉट पूर्ण उघडल्यावर स्प्लिटरकडे चौकोनी लहर जात होती. चौकोनी लहरीचा खालचा अर्धा उलटून वर आणला तर वरचा आणि खालचा सपाट भाग एकाच पातळीवर येतात. लहर सरळ रेषेत विरून जाते आणि कडांच्या जागी फक्त बारीक काटे उरतात. त्या काट्यांचाच खर्र आवाज आपण टीप म्हणून ऐकत होतो. फझ जितका जास्त, तितकी टीप कमी, हे मला ऐकून माहीत होते, पण त्यामागचे कारण स्क्रीनवर दिसले तेव्हा उपायही दिसला.

पहिल्या जोडीची वाढ कमी करून तिथे प्रीसेट ठेवला आणि गिटार जोरात छेडली तरी स्प्लिटरवर शिखर दीड व्होल्टच्या पुढे जाणार नाही असा तो बसवला. फझचा पॉट टीएल०७२ च्या वाढीवर नेला आणि त्याच्या पुढे १एन४१४८ ची उलटसुलट जोडी लावली. आता टीप आधी निघते आणि मग तीच फाटते. फझ कितीही वाढवला तरी टीप हरवत नाही, आणि पाचव्या-सहाव्या पडद्यावरसुद्धा ती ठळक ऐकू येते. या मांडणीत जुन्या पेडलचा तो गुरगुरणारा, अनिश्चित स्वभाव बराचसा गेला हे मान्य केले पाहिजे. ज्यांना तोच हवा असेल त्यांनी पहिल्या जोडीचा प्रीसेट पॉट म्हणून बाहेर काढावा, मग दोन्ही टोके हाताशी राहतात. मी तो आतच ठेवला आहे.

२७ जून

पेडल प्लास्टिकच्या डबीत असताना संध्याकाळी आकाशवाणीचे निवेदन पुसटसे ऐकू येत होते. जास्त वाढ असलेला ट्रान्झिस्टर आणि त्यापुढे डायोड हे रेडिओचेच घटक आहेत, त्यामुळे आश्चर्य नाही. आत येणाऱ्या तारेवर १ किलोओहम आणि त्यानंतर जमिनीला १०० पिकोफॅरड लावले, आणि बोर्ड अॅल्युमिनियमच्या ओतीव डबीत हलवला. डबीला साडेचारशे रुपये पडले, म्हणजे बाकी सर्व भागांच्या एकूण किमतीहून जास्त. पत्र्याची डबीही चालली असती, पण पायाखाली ती चेपते. डबीच्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावावी, नाहीतर पॉटचे पाय धातूला टेकतात.

३० जून

रेक्टिफायरकडे जाणारा संकेत जितका साधा, तितकी टीप स्वच्छ. तारेच्या आवाजात वरचे स्वर भरलेले असतात आणि रेक्टिफायर त्या सर्वांची आपसात बेरीज-वजाबाकी करतो, त्यातून कचरा निर्माण होतो. म्हणून स्प्लिटरच्या आधी १० किलोओहम आणि कपॅसिटर यांची एक चाळणी घातली. १० नॅनोफॅरडने वरचे स्वर १६०० हर्ट्झपासून उतरू लागतात, २२ नॅनोफॅरडने सुमारे ७२० पासून. पहिल्या तारेच्या बाराव्या पडद्याचा स्वर ६५९ हर्ट्झ आहे हे लक्षात घेतले तर २२ नॅनोफॅरड पुरेसा वाटतो, पण त्याने छेडण्याचा आघात बोथट होतो. दोन्हींमध्ये निवड करणारा छोटा स्विच डबीच्या वरच्या कडेला बसवला. चाळणी रेक्टिफायरच्या आधीच असली पाहिजे. नंतर लावली तर कचरा तसाच राहून फक्त झाकला जातो.

४ जुलै

टीप बंद करण्याचा स्विच मूळ पद्धतीनेच ठेवला. तो एका बाजूचा कपॅसिटर मोकळा करतो, मग फक्त अर्धी लहर पुढे जाते आणि साधा फझ मिळतो. त्या वेळी आवाज थोडा उतरतो, ते सोसायचे ठरवले. पायाच्या स्विचचा ‘टप्’ आवाज दोन्ही टोकांना जमिनीकडे १ मेगाओहम लावल्यावर गेला.

मोकळ्या जागेत सीडी४०१३ ही अंकीय चिप घालून खालचे सप्तकही काढावे असा मोह झाला होता. त्यातला फ्लिप-फ्लॉप प्रत्येक दोन आवर्तनांना एक आवर्तन देतो, म्हणजे मंद्र स्वर मिळायला हवा. पण गिटारच्या लहरीत दुसरा स्वरांश मोठा झाला की शून्यरेषा जास्त वेळा ओलांडली जाते आणि फ्लिप-फ्लॉप फसतो, त्यामुळे एकच स्वर वर-खाली उड्या मारतो. बॉस कंपनीच्या ओसी-२ या पेडलमध्ये १९८२ साली हे काम नीट केलेले आहे, पण त्यासाठी गाळण आणि शिखर ओळखणारे मंडल असा निराळा बोर्डच लागतो. तो विषय इथेच सोडला.

९ जुलै

आजपासून फक्त वाजवून पाहणे. गिटार साधी तीन पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागांची) आहे. मानेजवळचा पिकअप, गिटारवरचा टोन पॉट जवळजवळ बंद, आणि तारेच्या मध्याकडे सरकून अंगठ्याने किंवा जाड पिकने छेडणे, ही मांडणी निर्विवाद सर्वोत्तम आहे. ब्रिजजवळचा पिकअप लावला की वर केलेली निम्मी मेहनत वाया जाते. आवाजाचा पॉट थोडा उतरवला की फझ मऊ होतो पण टीप टिकते, आणि मग सनईसारखा बंद, नाकातला सूर येतो.

दोन स्वर एकत्र वाजवले की रेक्टिफायर त्यांच्या टिपांबरोबर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही देतो. त्यामुळे बहुतेक जोड्या बेसूर कल्लोळ करतात, पण काही जोड्या फार सुंदर फळतात. सा आणि प एकत्र वाजवून पाहा. २२० आणि ३३० हर्ट्झ घेतले तर वजाबाकी ११०, म्हणजे खालचा सा. बेरीज ५५०, आणि तो वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार आहे. कोणीही न वाजवलेला गंधार पेडलमधून स्पष्ट ऐकू येतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांच्या कानाला सवयीचा आहे त्यांना तो लगेच ओळखता येईल, कारण तोही पाचपटीच्या नात्यातूनच उमटतो. सा आणि वरचा सा ही जोडी पंचम देते. सा आणि मध्यम मात्र टाळावा, त्यांची बेरीज सातपटीच्या नात्यात येते आणि तो स्वर आपल्या कोणत्याच गंधाराशी नीट जुळत नाही.

वरचा स्वर स्थिर ठेवून खालची तार हळूहळू ताणली तर बेरजेचा स्वर चढतो आणि वजाबाकीचा उतरतो. एकाच मींडीतून दोन विरुद्ध दिशांच्या मींडी निघतात. हे जपून वापरावे. एका वादनात एकदा केले तर परिणाम होतो, दर ओळीला केले तर सायरन वाटतो.

इतर पेडलसोबतचा क्रमही पाहिला. कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारे पेडल) याच्या आधी ठेवला तर आस वाढते आणि स्प्लिटरकडे जाणारा संकेत एका पातळीवर राहतो, हा सर्वांत उपयुक्त जोड आहे. कोरस किंवा डिले (आवाजात त्याचीच उशिराची प्रत मिसळणारी पेडल) आधी ठेवला तर दोन स्वर एकत्र आल्यासारखेच होते आणि घाण होते, ते नेहमी नंतर ठेवावेत. वाह (पायाने सरकवायच्या चाळणीचे पेडल) आधी ठेवला तर त्याच्या शिखराची टीप निघते, नंतर ठेवला तर टिपेला आकार मिळतो. मला दुसरे आवडले, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

१४ जुलै

सरावाच्या खोलीत ड्रम आणि बेससोबत प्रथमच वाजवले. एकट्याने ऐकताना अति तीक्ष्ण वाटणारी टीप तिथे अगदी योग्य वाटली, आणि एकट्याने गोड वाटणारी २२ नॅनोफॅरडची मांडणी झांजांखाली बुडाली. म्हणून १० नॅनोफॅरड हीच नेहमीची जागा ठरवली. बाहेरचा आवाज मूळ गिटारपेक्षा जेमतेम वर जात होता. फझसाठी लावलेल्या १एन४१४८ ऐवजी दोन लाल एलईडी उलटसुलट लावल्यावर मर्यादा ०.६ वरून सुमारे १.७ व्होल्टवर गेली आणि आवाजाला भरपूर वाव मिळाला. फझ किंचित उघडा झाला, तो मला चालतो.

पुन्हा बांधायचे झाले तर घ्यायच्या किमती एकत्र लिहून ठेवतो. स्प्लिटरच्या बेसला २२० आणि १०० किलोओहम, कलेक्टर व एमिटरला १० किलोओहम. दोन्ही बाजूंना १ मायक्रोफॅरड आणि ४.५ व्होल्टच्या रेषेला ४७ किलोओहम. डायोड बीएटी४६ ची जोडी, त्यापुढे त्याच रेषेला ४७० किलोओहम आणि टीएल०७२. कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक न घेता फिल्मचे घ्यावेत, कारण या जागी त्यांच्यावरचे व्होल्टेज उलटसुलट होण्याची शक्यता असते. डबी आणि पायाचा स्विच वगळता भागांचा खर्च तीनशे रुपयांच्या आत बसतो. डायोडवर आणि प्रवासावर गेलेले पैसे त्यात धरलेले नाहीत.

बॅटरीचा प्रवाह एलईडीसह सुमारे ६ मिलिअँपिअर आहे. अॅडॉप्टर वापरताना मधला पिन ऋण असलेलाच घ्यावा, आणि उलट जोडणीपासून बचावासाठी पुरवठ्याच्या तारेत १एन५८१७ हा डायोड घालावा. तो अजून माझ्या बोर्डवर लावायचा राहिला आहे, म्हणून तूर्त अॅडॉप्टरच्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.